ओट्यापर्यंत आलेली हद्द

सार्वजनिक जागेची हद्द सोमवारी सकाळी प्रमिलाबाई दुसाने यांच्या बैठकीच्या खोलीतून सरकून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आली. नगरपरिषदेचे हद्द निरीक्षक गव्हाणे यांनी फरशीवर पांढरा पट्टा मारून घेतला. तो वाळायच्या आतच लोक येऊन बसले. कुणी पेपर उघडला, कुणी शेंगा सोलायला घेतल्या.

प्रमिलाबाईंची मुलगी वृंदा आदल्या दिवशीच सासर सोडून आली होती. तिचं मनगट भाजलेलं होतं. ते कसं, हे तिला आईला सांगायचं होतं. पण तिने तोंड उघडलं की खोलीत शांतता पसरायची. शेंगा सोलणारे हातसुद्धा थांबायचे.

"सांग की पोरी, आम्ही काय परके आहोत?" बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले. बाक नगरपरिषदेने दिला होता.

वृंदाने मान खाली घातली. प्रमिलाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी लाटणं आपटलं आणि फ्रिजला टेकून त्यांच्याच पातेल्यातला चहा पिणाऱ्या गव्हाण्यांसमोर त्या जाऊन उभ्या राहिल्या.

"लेकीशी बोलायचं कुठं मी?"

"खाजगी जागेत. ओट्याच्या पलीकडे."

"पलीकडे भिंत आहे."

"भिंत तुमचीच आहे, बाई. तिला आम्ही हात लावलेला नाही."

"हद्द ठरवता कशावरून?"

"वापरावरून. लोक येऊन बसतात ते सार्वजनिक. कुणी फिरकत नाही ते खाजगी."

प्रमिलाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. अख्खा बाजार इथेच होता. त्यांनी वृंदाचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत त्या बाहेर पडल्या.

गावचा मुख्य चौक ओस पडला होता. दोघी कारंज्याच्या कठड्यावर बसल्या. इस्त्री कुणी तापवली, हात कुणी धरून ठेवला, सासू दारात उभी राहून काय म्हणाली, सगळं वृंदाने सांगितलं. प्रमिलाबाई रडल्या नाहीत. जावयाचं नाव घेऊन त्यांनी येतील तेवढ्या शिव्या मोठ्याने घातल्या. मग म्हणाल्या, "परत जायचं नाही. आत्ता पोलिसात जायचं."

एव्हाना गव्हाणे चौकाच्या तोंडाशी आले होते. मागे सगळे लोक होते.

"आत आलं तर चालेल?"

"नाही."

"लोकांना ऐकायचं होतं."

"ती कोर्टात सांगेल. तेव्हा या सगळे."

गव्हाण्यांनी मान हलवली, लोकांना मागे सारलं आणि जाताना चौकाचं दार ओढून घेतलं.