दोन दारांमधला वारा

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले पेठेकाका बेल वाजवण्याआधी दाराला हात लावून ताप बघतात. "चांगलंच तापलंय हो!" हे ते दाराबद्दल बोलतात, हे कळायला मला महिना लागला.

मी सेफ्टी डोअरच्या जाळीला अ‍ॅक्रिलिकची शीट ठोकली, तेव्हापासून तर ते माझ्यावर खार खाऊन होते. "अगं, दोन दारांत वारा खेळला पाहिजे! उन्हाळ्यात आत भट्टी, पावसाळ्यात वाफ. लाकूड फुगणार." त्यात मधल्या फटीत माझी ओली छत्री लटकलेली दिसली की कपाळाला हात. स्वतः मात्र आपल्या दाराच्या कडांना मेणबत्ती घासत बसायचे, लाकडात पाणी मुरू नये म्हणून.

"काका, शीट काढली तर येणारा-जाणारा घरात डोकावतो."

"डोकावू दे की!"

डोंबलाचं डोकावू दे! मी शीट काढली नाही.

ऑगस्टमध्ये आठवडाभर पाऊस लागलेला. मी खाली भाजी घ्यायला गेलेले, तेवढ्यात घरून आईचा फोन. "गरगरतंय गं... दारच उघडत नाहीये." पुढे आवाजच नाही. आईला शुगर आहे, कधीकधी एकदम उतरते. मी धावत वर आले, किल्ली फिरवली, लॅच उघडलं, पण आतलं दार हलेना. हाका मारल्या, ओ नाही. मी लाथ उगारली.

"लाथ नाही!" हाका ऐकून पटाशी घेऊन आलेल्या पेठेकाकांनी माझा दंडच धरला. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दाराला कान लावला. "बांगडी वाजतेय. खाली, अगदी दाराशी."

मग गुडघे टेकून दाराखालच्या फटीपाशी म्हणाले, "वहिनी, मी पेठे. घाई नाही. बसल्या बसल्या बाजूला सरका."

घाई नाही काय! माझा जीव टांगणीला लागलेला आणि हा माणूस गप्पा मारल्यासारखा बोलत होता. बांगडी पुन्हा वाजली, जरा लांब. तेव्हा कुठे त्यांनी वरच्या कोपऱ्यात पटाशी सरकवली आणि खांद्याने हळूहळू दार रेटलं.

आई घामाने डबडबलेली, भिंतीला टेकून. साखरेचं पाणी पोटात गेल्यावर पहिलं वाक्य, "ती शीट काढ आधी."

काका जिन्यावर बसलेले.

"तुम्हाला कसं सुचलं, की ती दाराशीच असेल?"

"आमचंही दार असंच फुगलेलं. मी लाथ मारलेली. आमची ही दाराला टेकून होती. खांदा मोडला. नंतर तिचा हात वर जाईना, म्हणून वेणी मीच घालायचो. शेवटपर्यंत."

मी "जमायची का हो?" असं काहीतरी विचारून बसले.

"छे! वाकडीच व्हायची. तशीच जायची हळदीकुंकवाला."