चढावरचे अठ्ठावन्न किलो

कोणतंही वाहन किती वजन ओढू शकतं हे त्याच्या इंजिनावरून ठरतं, आणि कोणतंही कुटुंब किती लांब जाऊ शकतं हे त्या कुटुंबातल्या सर्वांत घाबरट सदस्यावरून. आमच्या कुटुंबात हे पद माझ्याकडे आहे. निवड बिनविरोध झाली.

आमची गाडी सासऱ्यांची. दोन दारं, गोल दिवे, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. (नात्याने ती माझी धाकटी सासू लागत असल्याने मी तिला अहोजाहो करते.) नवऱ्याच्या मित्राने एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर महिनाभरासाठी वापरायला दिला, तेव्हा नवरा दोघांना शेजारी उभं करून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "शोभतात ना एकमेकांना?" हाच आमचा तांत्रिक अभ्यास.

ट्रेलर आत शिरल्यावर घरासारखा दिसतो: एक पलंग, एक ओटा, पडदा असलेली एक खिडकी. आमच्या चार वर्षांच्या मुलीने, म्हणजे मुंगीने, त्याला 'छोटं घर' म्हणायला सुरुवात केली. टेकडीवरच्या तळ्याकाठी नेऊन छोट्या घरात एक दिवस झोपायचं, असं तिला वचन देण्यात आलं. (वचन नवऱ्याने दिलं. अंमलबजावणी माझ्याकडे.)

पहिल्या शनिवारी आभाळ होतं, जाणं रद्द. दुसऱ्या शनिवारी ट्रेलरचं डावं चाक मला उजव्यापेक्षा गप्प वाटलं, जाणं रद्द. तिसऱ्या शनिवारचं कारण नोंदवलेलं नाही, पण होतं. मुंगी दर शुक्रवारी स्वतःची उशी पिशवीत भरायची आणि शनिवारी काढून ठेवायची. चौथ्या शुक्रवारी तिने ती भरलीच नाही. म्हणाली, "उद्या निघालो तर घेईन."

वय वर्षं चार. मी चटकन स्वयंपाकघरात निघून गेले.

सोमवारी ट्रेलर परत द्यायचा होता. म्हणून त्याच शुक्रवारी संध्याकाळी सुरक्षा समितीची बैठक बोलावण्यात आली. अध्यक्ष मी, सचिव मी, नवरा निमंत्रित सदस्य (मताधिकार नाही). गाडीच्या माहितीपुस्तिकेनुसार ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त नव्वद किलो सामान चालतं. प्रत्येक वस्तू कडेवर घेऊन मी बाथरूमच्या वजनकाट्यावर उभी राहिले आणि माझे चोपन्न किलो वजा करत गेले. अंतिम यादी अशी:

पिण्याचं पाणी, २५ किलो. (तळ्यात पाणी आहे, पण ते तळ्याचं आहे.)
औषधांचं खोकं, ११.
मुंगीचे कपडे, सर्व ऋतूंचे, १३.
अंथरूण-पांघरूण, १६.
शेगडी, भांडी, खाणं, १९.
आग विझवण्याची दोन नळकांडी, ९. (दुसरं, पहिल्याने पेट घेतला तर.)
पाण्यात तरंगण्याची जॅकेटं, ६. (तळं काठाशी घोट्याएवढं आहे. पण घोटा कोणाचा, हे पुस्तिकेत नाही.)
नवऱ्याचं सामान, १.
एकूण नव्वद. मर्यादेत बरोब्बर.

शनिवारी सकाळी आम्ही खरोखर निघालो. मुंगी उशी छातीशी धरून मागे बसली होती आणि गाडी वळणावरून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत एक शब्द बोलली नाही. सरासरी वेग ताशी एकतीस. आम्हाला ओलांडून गेलेली वाहनं एकशे बारा, त्यांतल्या दोन सायकली. ओलांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हात केला, एकाने फोटो काढला आणि एका आजोबांनी खिडकीची काच खाली करून, "आमच्याकडे पण होती हो!" असं सांगितलं. ते सांगायला त्यांना भरपूर वेळ मिळाला.

टेकडीच्या चढाला लागल्यावर दोनशे मीटरवर गाडी दमली. थांबली, आणि मग अत्यंत सभ्यपणे मागे येऊ लागली. नवऱ्याने हँडब्रेक ओढला. मी मागच्या चाकांना दगड लावले. (दगड घरून आणले होते. ते यादीत नाहीत, माझ्या पायाशी होते.) पायथ्याशी एक गॅरेज होतं, तिथवर आम्ही हळूहळू मागे सरकत आलो. मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, मग ट्रेलरमध्ये घातलं, आणि तिथे जास्त वेळ ठेवलं.

"ताई, इंजिन ठणठणीत आहे. पण म्हातारीला अख्खा संसार घेऊन चढायला सांगताय तुम्ही. पन्नास-साठ किलो उतरवा, जाईल आरामात. काय काढायचं ते इथे ठेवा, उद्या घेऊन जा."

गॅरेजच्या बाकड्यावर समितीची तातडीची बैठक झाली. नवऱ्याचं सामान एकमताने वगळण्यात आलं.

"अगं, त्यात माझा टूथब्रश आहे."

"दात उद्याही असतील."

उरले एकोणसाठ. पाण्यावर चर्चा झाली, पाणी राहिलं. कपड्यांवर झाली, कपडे राहिले. नळकांड्यांना मी नुसता हात लावला तरी मला धूर दिसू लागला. तेवढ्यात मुंगीने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आई, आता परत ना?"

तक्रार नव्हती. लिफ्ट बंद असेल तर आपण जसं 'जिन्याने ना?' म्हणतो, तसं. आणि उशी पिशवीत भरायला लागली.

वजनांचं कोष्टक माझ्या हातातच होतं. ज्याच्या उतरण्याने सामानातलं काहीही कमी होत नाही असा एकच जिन्नस त्यात सापडला. वजन चोपन्न, खांद्यावरची पिशवी चार, एकूण अठ्ठावन्न.

"मी उतरते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चालत येते. अडीचच किलोमीटर तर आहे."

"अगं, ते औषधांचं खोकं ठेव की इथे! कानात घालायचे थेंबच चार प्रकारचे आहेत त्यात!"

"आणि मुंगीचा कान दुखला तर?"

"तर तू लागशील ना!"

"मला कानातलं काय कळतं? थेंब वर जाऊ देत."

नवरा मिस्त्रींकडे बघू लागला. मिस्त्री पाना पुसत राहिले. "तीस वर्षं गाड्या बघतोय साहेब," ते म्हणाले, "लोक गॅस सिलिंडर उतरवतात, सासू उतरवतात. स्वतःच उतरणाऱ्या ताई पहिल्याच." मग माझ्याकडे वळून, "उन्हाची टोपी आहे ना?"

होती. दोन होत्या.

गाडी गेली. खरोखर, वारा भरल्यासारखी गेली. पहिल्या वळणावर मुंगीने मागच्या काचेतून उशी हलवली आणि मग माझं कुटुंब माझ्या नजरेच्या ताब्यातून सुटलं. मी खांद्यावरच्या पिशवीतलं चकाकतं जॅकेट घातलं, धोक्याचा लाल त्रिकोण हातात घेतला आणि चालू लागले. गाडी मागे घसरत आली तर तिला सावध करणारं कोणीतरी मागे असायला हवं, हा विचार होता. (चारशे किलोच्या ट्रेलरला मी त्रिकोण दाखवणार होते.) एका ट्रकवाल्याने वेग कमी केला. "ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही. गाडी वर गेली. मी मागून येतेय."

तो थोडा वेळ विचार करत माझ्या बरोबरीने ट्रक चालवत राहिला आणि मग आपल्या वाटेने गेला.

त्या चढावर मी एकूण सत्तावीस अपघात बघितले. त्यांपैकी नऊ तळ्यात, सहा शेगडीवर, चार ट्रेलरच्या दारात बोट सापडून, एक मधमाशी, बाकी किरकोळ. एकही झाला नव्हता, पण बघितले मी सगळे.

एक तास दहा मिनिटांनी पोचले. ट्रेलर सपाट जागी उभा होता, चाकांना दगड लावलेले. नवरा शेगडीवर चहा ठेवत होता. औषधांच्या खोक्याचं त्याने टेबल केलं होतं. काठाशी दोन जोडी पायांचे ओले ठसे होते, एक मोठे, एक अगदीच छोटे. जॅकेटं पिशवीतून निघालीही नव्हती.

"काही झालं का?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मुंगी कुठे आहे?"

"झोपलीये."

"दुपारी? ताप आहे का?"

"नाही गं. पोचल्या पोचल्या पाय बुडवले, बिस्किट खाल्लं, आणि झोपायचंच म्हणाली. मी म्हटलं, रात्री झोपू ना, मज्जा येईल. तर म्हणाली, नको, आत्ताच. आई आली की कदाचित जावं लागेल."

मी पडदा बाजूला केला. ती छोट्या घरात, स्वतःच्या उशीवर, तोंड उघडं टाकून झोपली होती. पायांना वाळू होती. मी पुसली नाही. ही नोंद समितीच्या इतिवृत्तात घेण्यात यावी.

समितीचा निष्कर्ष असा: सत्तर मिनिटांच्या अवधीत कुटुंबात काळजी करणारं कोणीही हजर नव्हतं आणि अपघातांची संख्या शून्य राहिली. यावरून मागून चालत केलेली काळजी अधिक परिणामकारक असते, हे सिद्ध होतं. निमंत्रित सदस्याने वेगळा निष्कर्ष मांडला. त्याला मताधिकार नाही.

आता तुमच्याबद्दल. वर सामानाची यादी आहे आणि तिच्याखाली एकूण नव्वद लिहिलेलं आहे. ती बेरीज शंभर भरते. जुळत नव्हती आणि मुलीची उशी पिशवीत नव्हती, म्हणून मी जुळवली. ज्यांनी ही चूक तिथल्या तिथे पकडली, त्यांनी माप कळवावं, चकाकतं जॅकेट एक जास्तीचं आहे. आणि ज्यांनी 'कोणीतरी बघितलंच असेल' म्हणून पुढे वाचलं, ते मजेत गाडीत बसलेले आहेत. काही हरकत नाही, बसा. फक्त एकदा आरशातून मागे बघा. चढावर कोणीतरी तुमच्यामागून चालत येतंय, आणि तुमच्या कानाचे थेंब तुमच्याबरोबर आधीच वर पोचलेत.