मैदानाकडे पाठ करून बसणारे तात्या

तात्या तापकीर कबड्डीच्या सामन्याला मैदानाकडे पाठ करून बसत. ते प्रेक्षक असते तर माझी काही हरकत नसती. पण ते आमच्या कंपनीच्या संघाचे मार्गदर्शक होते. चढाईला कुणी जायचं, किती आत घुसायचं, कधी परत फिरायचं, हे सगळं तेच ठरवत. मैदानाच्या कडेला एक लाकडी खोकं उपडं टाकून ते कुंपणाकडे तोंड करून बसायचे, आणि मागे चौदा जणांची झोंबाझोंबी चाललेली असताना समोरच्या बाभळीकडे बघत खोकायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा शेजारच्या फिटरच्या पाठीवर सांडला.

मला धक्का लवकर बसतो. आमच्या सौ.च्या मते दूधवाला वेळेवर आला तरी मी हबकतो. मी टाइम ऑफिसातला, हजेरीपत्रकं सांभाळणारा कारकून. कॅरमच्या सोंगटीखेरीज खेळातल्या कशाला हात लावलेला नव्हता, तरी मला क्रीडा समितीचा सचिव केलं, कारण समितीत इंग्रजी पत्र लिहिणारा दुसरा कुणी नव्हता. त्या धक्क्यातून सावरतोय तोच तात्या भेटले.

खोकण्याचं कारण असं, की सामना चालू असताना बाहेरून सूचना दिलेल्या पंचांना चालत नसत. म्हणून तात्यांनी खुणा बसवल्या होत्या. एकदा खोकले की निदान रेषा, म्हणजे समोरच्या अंगणातली पहिली आडवी रेघ, तेवढी ओलांडायची आणि तसंच परत फिरायचं. याला त्यांनी एक यमकही जुळवलं होतं, "लायनीपल्याड पाय, अन् घरला जाय." दोनदा खोकले की थेट आत घुसायचं, मग मागे-पुढे बघायचं नाही. जो ऐकणार नाही तो पुढच्या सामन्याला बाहेर.

पद्धत बरी होती. फक्त भोसरीच्या एका कारखान्याविरुद्धच्या सामन्याला तात्यांना खरोखरची सर्दी झाली. पहिल्या डावात ते एकदा खोकले, मग दोनदा, मग जी उबळ आली ती थांबेचना. आमचे दोन गडी एकाच वेळी चढाईला धावले. पंचांनी दोघांनाही परत पाठवलं आणि चढाई बाद केली. शिवराम बारणे मध्यरेषेवर उभा राहून बोटं मोजत होता. शेवटी त्यानं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तात्या, सात म्हंजी काय?"

तो सामना आम्ही हरलो. तसे सगळेच हरत होतो. इतके, की समोरचा संघ सामन्याआधी आमच्याशी फार प्रेमानं बोलायचा.

तात्या चऱ्होलीचे. रोज सायकलवरून यायचे, डावा पाय किंचित ओढत चालायचे. कंपनीत तयार मालाच्या तपासणीला होते आणि तपासणी त्यांच्या अंगात मुरलेली होती. चहा आला की कपात बघून "रिजेक्ट" म्हणायचे, आणि मग प्यायचे. नवी बस आली, रिजेक्ट. आकाशात ढग आले, रिजेक्ट. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीच्या लग्नात सगळे मांडवाचं कौतुक करत होते, तर हे म्हणाले, "डावा खांब रिजेक्ट हाय." संध्याकाळी तो खांब खरंच बँडवाल्यांवर पडला. तेव्हापासून लोक त्यांना लग्नाला बोलवेनासे झाले. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलंच नव्हतं. घरी कोण असतं असं विचारलं तर म्हणायचे, "म्या हाय की."

आता संघाचं सांगतो. आमच्याकडे रघू वाघमारे नावाचं एक पोरगं होतं. लातूरकडचं, काळेवाडीत चौघांबरोबर खोली घेऊन राहणारं. त्याचा दम, त्याची पायाची फेक बघून समोरचे कोपऱ्यातले गडी आपोआप मागे सरकायचे. खेळ बघूनच कंपनीनं त्याला टेंपररी घेतला होता. आणि दुसरा हा शिवराम, थेरगावचा, वजनदार, खेळाच्या रजेसाठी आणि संघाला मिळणाऱ्या उकडलेल्या अंड्यांसाठी खेळणारा. शहाणा मार्गदर्शक काय करील? रघूला आत सोडील आणि शिवरामला बचावाला ठेवील. तात्या रघूच्या वेळी एकदा खोकायचे आणि शिवरामच्या वेळी दोनदा. रघू रेषेला पाय लावून मान खाली घालून परत यायचा. शिवराम देवाचं नाव घेऊन आत घुसायचा आणि सात जण त्याच्यावर बसायचे.

कँटीनमध्ये याची तीन कारणं सांगितली जात. कुणी म्हणे, तात्या पंचांग बघून चढाया ठरवतात. कुणी म्हणे, त्यांना ऐकू कमी येतं. तिसरं कारण हळू आवाजात सांगत, की तात्या गाववाले, म्हणजे इथले मूळचे, शिवराम गाववाला, बाहेरून आलेल्या पोराला हे पुढं येऊ देणार नाहीत. रघूच्या कानावर हे गेलं होतं आणि त्याला ते पटलंही होतं.

अखेर वर्क्स मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. साहेबांना कबड्डीतलं फारसं कळत नव्हतं, पण हरलेलं कळत होतं. आपला हल्ला नक्की ठरवतं कोण आणि कशावरून ठरवतं, एवढं शोधून सांगा, म्हणाले. चाकणच्या संघाशी रविवारी सामना आहे, तो हरलो तर तात्यांना काढून नव्या ट्रेनिंग ऑफिसरकडे संघ देतो, असंही म्हणाले.

मला शोधावं लागलंच नाही. आमच्याकडे इस्माईल नावाचा वेल्डर होता. बिचारा वर्षभर रेषेला शिवून परत येत होता. त्याच आठवड्यात तो पर्मनंट झाला, आणि गुरुवारच्या सरावात त्याची पाळी येताच तात्या दोनदा खोकले. इस्माईलचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना. तो आत घुसला आणि तिघांना मारून आला. मी टाइम ऑफिसचा माणूस. कोण टेंपररी, कोण पर्मनंट हे मला झोपेतसुद्धा सांगता येई. मी एकेका गड्याकडे बघत मनातल्या मनात हजेरी घेत गेलो. पर्मनंट असेल त्याला दोन खोकले. टेंपररी असेल त्याला एक.

सराव संपल्यावर मी तात्यांना कँटीनच्या मागे गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, टेंपररी पोराचा पाय मोडला तर कंपनी त्याला ब्रेक देते आणि पुन्हा बोलवत नाही. ते स्वतः तरुणपणी खडकीकडे एका वर्कशॉपात असेच खेळावर लागले होते. भरल्या मैदानात पकड झाली, गुडघा गेला. आराम करा म्हणाले, आणि परत बोलावणं आलंच नाही. ठरलेलं लग्न मोडलं. इकडे तपासणीला चिकटायला मधे कितीतरी वर्षं गेली. पकड बघितली की अजून घाम फुटतो म्हणून ते पाठ करून बसत. बाकी सगळं त्यांना मातीच्या आवाजावरून कळायचं.

"अन् शिवराम?" मी विचारलं.

"त्यो पर्मनंट हाय. त्याचं काय बी मोडलं तरी कंपनी घरला दूध पोचवील."

मी म्हटलं, हे साहेबांना सांगतो, ते समजून घेतील. तात्यांनी माझा हात धरला. साहेब समजून घेतील आणि टेंपररींना संघात घेऊच नका म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मग रघूला पर्मनंट करायचं कारणच उरणार नाही. त्याचा कागद पुढच्या आठवड्यात सहीला जायचा होता, हे मलाही ठाऊक होतं. मग निदान रघूला तरी सांगा, मी म्हटलं. तो तुम्हाला काय समजतो हे तुम्हाला माहीत आहे का?

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "पर त्याला सांगू नका. कळलं तर भिऊन खेळंल. भिऊन खेळणाऱ्याचाच पाय जातो, सायब."

त्यांनी मला शपथ घातली. मी साहेबांना जाऊन सांगितलं की हल्ला तात्याच ठरवतात, पण कशावरून ते कळलं नाही. असं धडधडीत खोटं मी पहिल्यांदाच बोललो, आणि साहेबांनी ते सहज मान्य केलं याचाही मला धक्का बसला.

रविवारी चाकणचा संघ ट्रकमधून आला. पैलवानी पोरं, मांड्या तेलानं चकाकणाऱ्या. आमच्या कंपनीच्या मागचं मैदान भरून गेलं होतं. साहेब सपत्नीक खुर्चीवर. मी तात्यांच्या खोक्याशेजारी जमिनीवर बसलो, मैदानाकडे तोंड करून. कधी नव्हे ते आम्ही झुंजत होतो. इस्माईलनं गुण आणले. शिवरामनंसुद्धा दोन आणले, चुकून पडताना कुणाला तरी लाथ लागली म्हणून. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो, आणि पाळी रघूची होती. समोर चौघे उभे. रघूनं मनावर घेतलं तर दोन गुण सहज होते.

सगळं मैदान "रघू, रघू" ओरडायला लागलं. रघू मध्यरेषेवर उभा राहून तात्यांच्या पाठीकडे बघत होता. मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कपाळावरून घाम गळत होता. मी हळूच म्हटलं, तात्या, एकदाच सोडा त्याला, संघ जाईल तुमच्या हातून. समोरचा कोपऱ्यातला गडी पाय धरणाराय, ते म्हणाले, मघापासून त्याच्या गुडघ्याचा आवाज येतोय जमिनीवर.

आणि ते एकदा खोकले. मी थांबलो, दुसरा खोकला येईल म्हणून. आला नाही.

रघूनं निदान रेषेपलीकडे पाय टाकला आणि परत फिरला. शिट्टी झाली. मैदानात मग जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रघू सरळ खोक्यापाशी आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्या, तुम्ही माझं वाटोळं केलंत. मी गाववाला नाही म्हणून."

तात्या उठले. त्यांनी रघूकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, तपासायला आलेला माल बघावा तसं. "व्हय," एवढंच म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

सोमवारी संघ ट्रेनिंग ऑफिसरकडे गेला. मला जे बोलायचं होतं त्याला शपथ आडवी येत होती. जेवणाच्या सुट्टीत ते एकटे डबा खायचे. कुणी त्यांच्या टेबलाशी जाईनासं झालं. शिवरामसुद्धा त्यांना टाळायचा, आणि त्याचं तसं बरोबरच होतं, दोन खोकल्यांपायी त्याच्यावरच कितीतरी पकडी झाल्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात रघूचा कागद सही होऊन आला. तो मीच त्याच्या हातात दिला. पोरगं टाइम ऑफिसच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलं. दुपारी त्यानं पेढे आणले आणि खोकं घेऊन आख्ख्या कारखान्यात फिरला. प्रेस शॉप, वेल्डिंग, स्टोअर, गेटवरचे रखवालदार, साहेबांची केबिन. तपासणीच्या विभागातही आला. पहिलं टेबल, दुसरं टेबल, आणि तिसरं सोडून चौथं. तिसऱ्यावर तात्या होते. त्यांनी मान वर केली नाही, हातातला तुकडा उजेडाकडे धरून बघत राहिले. मी दारात उभा होतो. त्या क्षणी ती शपथ मोडून, सगळ्यांसमोर ओरडून सांगावं असं मला फार वाटलं. पण कळलं तर ते पोरगं भिऊन खेळेल, म्हणून मला सारखी त्याच्या गुडघ्याची भीती वाटत राहिली. ती भीती तात्यांनीच माझ्यात घातली होती.

रघू गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेलो.

"सगळ्यास्नी मिळाला का?" तात्यांनी विचारलं.

मिळाला, मी म्हटलं.

"पेढा कसा व्हता?"

माझ्या हातात अर्धा उरला होता. मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तेलकट हात पँटला पुसले, पेढा घेतला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले.

"पास हाय," तात्या म्हणाले.