वाफा क्रमांक सहा

केळीला काय हवं ते केळीला विचारायची रीत नाही. शेतकऱ्याला तर मुळीच विचारू नये, कारण तो लगेच सांगून टाकतो आणि संशोधनाची वाट लागते. सरकारला हे उमगलं, आणि चोपड्याच्या अलीकडे, सातपुडा दिसेल पण त्याची सावली पोचणार नाही अशा जागी, 'उष्ण हवामान केळी संशोधन उपकेंद्र (तात्पुरते)' उभं राहिलं. एकोणीसशे अडुसष्टात त्याच्या तात्पुरतेपणाला बारा वर्षं झाली होती.

उपकेंद्राची मालमत्ता अशी: एक कचेरी, एक विहीर, एक डिझेलचं इंजिन, केळीचे सहा वाफे आणि एक तापमापक. तापमापक महागाचं. उन्हानं खराब होऊ नये म्हणून ते कचेरीत, वाळ्याच्या ओल्या पडद्यामागं टांगलेलं. त्यामुळं बाहेर वैशाखात कावळे पंख पसरून मातीत पडले, तरी दप्तरात खानदेशाचं तापमान एकतीसच्या वर कधी गेलं नाही. सरकारनं मनात आणलं तर हवामानसुद्धा कसं सुधारतं, त्याचा हा दाखला.

साहेब होते डॉक्टर सबनीस, पुण्याचे. माणूस सज्जन. केळीवर त्यांचे सात निबंध. केळ मात्र खात नसत, खोकला व्हायचा. आणि वाफ्यांवर राबायला होता लोटन. तिसरी पास, बारा वर्षं रोजंदारीवर. म्हणजे उपकेंद्र आणि लोटन दोघं सारखेच तात्पुरते, फरक एवढाच की उपकेंद्राला सुट्टीच्या दिवशी खाडा पडत नसे.

त्या साली मृगात साहेबांनी मोठा प्रयोग मांडला. सहा वाफे, दर वाफ्यात बसराई जातीच्या शंभर केळी. एक नंबरला साहेबांची स्वतःची निळी पावडर. दोनला परदेशी खत. तीनला फवारा. चारला खत आणि फवारा दोन्ही. पाचला शेतकरी करतो तसं (हा वाफा साहेबांना बघवत नसे). आणि सहा नंबरला काहीच नाही. खत नाही, निंदणी नाही, आणि पाणी महिन्यातून एकदा, जीव निघणार नाही इतकंच. बाकीच्यांची तुलना कशाशी तरी करायला हवी ना, म्हणून.

"लोटन," साहेब म्हणाले, "पाच वाफ्यांत कोणीही काम करील. सहाव्यात काम न करणं, हे खरं काम. ते तुझ्याकडे. प्रयोग नीट पार पडला तर तुझं नाव कायम करण्यासाठी पाठवतो."

वर एक वही दिली. रोज संध्याकाळी लोटननं त्यात लिहायचं: 'काही केले नाही.' खाली सही. लोटननं मन लावून लिहिलं. अक्षर सुधारलं. बारा वर्षं राबून जे मिळालं नाही ते न राबता मिळणार, याचं त्याला नवल वाटलं नाही. कचेरीतली सगळी कायम माणसं तो रोज बघत होता.

आठ-नऊ महिने सुरळीत गेले. मग चैत्र आला आणि केळी निसवली. शेंड्याच्या पोग्यातून केळफुलांची लाल कमळं बाहेर आली, खाली माना घालून लोंबायला लागली. सहाव्या वाफ्यातलीसुद्धा. अंगावर धड पान नाही, खोड मनगटाएवढं, पण निसवली. तसं त्यांना कोणी लेखी मना केलं नव्हतं.

लोटनची आई झुंबरबाई भाकर द्यायला आली. तिनं तो वाफा बघितला आणि फडकं खाली ठेवलं.

"लोट्या, निसवनीले येल केळ म्हंजे पोटुशी बाई शे. तिनं पानी तोडस का कोनी?"

"माय, साहेबनी लिखेल शे."

"साहेबनी मायनं पानी तोडं व्हतं का कोनी?"

बायको यशोदाबाई मागंच उभी होती. ती म्हणाली, "साहेबले सांगा, तुम्हीन बी दोन दिन बिगर पानीना ऱ्हा. मंग तुलना करा."

आता खानदेशात बाकी काही चालेल. निसवलेल्या केळीला तहानलेली ठेवणारा माणूस मात्र गावात पाण्याच्या हंड्याला हात लावायच्या लायकीचा राहत नाही. लोटननं दोन दिवस वाफ्याकडं पाठ करून काम केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे फावडं घेतलं आणि एक नंबरकडं जाणाऱ्या पाटाचा बांध फोडून पाणी सहाकडं वळवलं. यशोदाबाईनं घरचं शेणखत आणलं, पाटीवर ओला पाला टाकून. झुंबरबाईनं प्रत्येक केळीला नावानं हाक मारून ते घातलं. साहेब नऊला उठायचे. तोवर बांध पुन्हा लिंपलेला असायचा आणि लोटन सावलीत काही करत नसायचा.

संध्याकाळी वही. 'काही केले नाही. लोटन.' पहिल्या दिवशी सहीआधी त्यानं टाक दोनदा खाली ठेवला. पुढं सवय झाली. कायम होण्याची पात्रता अंगात अशीच हळूहळू मुरते.

आश्विनात घड उतरले. सहा नंबरचा घड दोन माणसांनी उचलायचा. एक नंबरचा यशोदाबाईनं एका हातानं उचलला, दुसऱ्या हातानं पदर सावरत. त्याचं पाणी सहाव्यानं प्यायलेलं, आणि निळी पावडर कोरड्या मातीत मुळं भाजत बसलेली. दुसऱ्या एखाद्या माणसाला शंका आली असती. पण साहेब शास्त्रज्ञ होते. ते तीन दिवस जेवले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्यांना उजेड पडला: केळीला जपणं हेच केळीचं मरण. त्या शोधाचं नाव 'उपेक्षा पद्धत'. आठवा निबंध मद्रासला वाचला गेला. लोक उभे राहिले म्हणतात. (निबंध दोन तासांचा होता. बसून बसून उभे राहिले असतील.)

फाल्गुनात छापील पत्रक गावोगाव आलं: 'केळी निसवल्यानंतर शेतकऱ्याने बागेत काहीही करू नये.' चावडीवर वाचून दाखवलं तेव्हा म्हातारे जीवराम आबा गहिवरले.

"साठ वरीस जयात, आम्ही आळस चोरीसन करूत. तो शास्त्रमा शे, हाई कोनी सांगंच नही!"

बाकीचे हसले आणि आपापल्या बागेला पाणी द्यायला गेले. हसला नाही तो एकटा वना. वना म्हणजे यशोदाबाईचा सख्खा भाऊ. छापील कागदावर त्याचा विश्वास फार, एकदा औषधाच्या बाटलीवरचा कागद त्यानं देव्हाऱ्यात ठेवला होता. आठशे केळी, नुकती निसवलेली. त्यानं इंजिनावर पोतं टाकलं आणि खाटेवर पडून शास्त्र सुरू केलं.

आठ दिवसांत पानं फाटक्या छत्रीसारखी झाली. लोटन धावत गेला. "वना, पानी सोड. त्या सहा नंबरले मी पानी देयेल शे. मन्हा हातनं!"

वनानं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "दाजी, तुम्ही तिसरी पास, तो डाक्टर शे. आनि हाई छापेल शे."

लोटन सायकलवरून तसाच उपकेंद्रात आला. कायम करण्याचा हुकूम पुण्याहून येऊन साहेबांच्या खणात पडलेला, त्याला ठाऊक होतं. खरं सांगितलं तर हुकूम जाणार, रोजंदारीही जाणार. न सांगितलं तर मेव्हण्याची आठशे केळी जाणार, आणि वर यशोदाबाईला तोंड द्यायचं. त्यानं वाळ्याचा पडदा बाजूला केला.

"साहेब, मी पाणी दिलं."

"कुठे?"

"सहामधी. चैत्रापासून. एक नंबरचं वळवून. शेणखत बी घातलं. ते पत्रक माघारी घ्या."

साहेबांनी शांतपणे वही काढली. चारशे एक्काहत्तर नोंदी. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. "इथे काय लिहिलंय?"

"काही केलं नाही."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग?"

साहेबांचा आवाज मऊ झाला. "लोटन, वहीत नाही ते झालेलं नाही. तू उन्हात फार फिरतोस. खिशात कांदा ठेवत जा." मग त्यांची नजर तापमापकावर गेली. एकतीस. ते विचारात पडले. "नाही, ऊनही नाही. मग तुला झालंय काय?"

एवढं बोलून त्यांनी खण उघडला आणि हुकूम त्याच्या हातात ठेवला. कारण छापलं होतं: 'नोंदींतील सचोटीबद्दल.'

लोटन घरी आला, हुकूम चुलीजवळ ठेवला आणि कपाळाला हात लावून बसला. यशोदाबाईनं सगळं ऐकलं, पदर खोचला आणि चालत भावाच्या बागेत गेली. वना खाटेवर होताच, पत्रक उशाशी.

"भाऊ, वाच काय लिखेल शे."

"शेतकऱ्याने बागेत काहीही करू नये."

"शेतकऱ्यानी बहीननं, म्हंजे मी, करू नये, असं कुठे लिखेल शे? माले दखाड."

वनानं पत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडाकडं धरून वाचलं. प्रामाणिक माणूस. नाही म्हणाला. तोवर यशोदाबाईनं पोतं भिरकावून इंजिनाला हँडल मारलं होतं. पाणी पाटाला लागलं तेव्हा वना खाटेवरच होता आणि नियम कुठंही मोडला नव्हता.

आठशेतली साठेक गेली, बाकी उभी राहिली. पावसाळ्याआधी पाहणीचे लोक आले. वनानं छातीवर हात ठेवून सांगितलं, मी बोटसुद्धा लावलं नाही. लिहून घेतलं. जीवराम आबांनी तेच सांगितलं, कारण सही देणाऱ्याला बांधावर रोवायला पत्र्याची मोठी हिरवी पाटी मिळत होती आणि आबांच्या गोठ्याला दार नव्हतं. मग सगळ्यांनीच सांगितलं. अहवाल असा: तालुक्यातले शेतकरी चारशे बारा, उपेक्षा पद्धत स्वीकारलेले चारशे बारा, बागा उत्तम. पहाटे तालुक्यात चारशे बारा इंजिनं चालतात, त्याची नोंद नाही. पाहणी अकरा वाजता सुरू व्हायची.

पुढच्या मृगात साहेबांनी सहाही वाफ्यांत काहीही न करण्याचा हुकूम काढला. लोटन आता कायम आहे. हुद्दा उपेक्षा सहायक. पूर्वी पहाटे एका वाफ्याला पाणी द्यावं लागायचं, आता सहा. त्याच्या जोडीला झुंबरबाई आणि यशोदाबाई असतात. त्यांना हुद्दा नाही. त्या येतात हेच वहीत नाही.

तुम्ही खुशाल हसा. हसता हसता हाताशी जो चहा आहे तो घ्या, निवेल. कोणी आणून ठेवला बरं? तुमच्या वहीत बघा. नसेल लिहिलेलं, तर तो कप तिथं नाही.