ताम्हणातल्या पिना

पिनेची लांबी सात सेंटिमीटर होती आणि तिच्यावर कुंकवाचे तीन ठिपके होते. खालचा ठिपका टोकापासून बरोबर दोन सेंटिमीटरवर, वरचा कडीला चिकटून, आणि मधला अंदाजे मधे. अशा दोन पिना लासुर्ण्यात सर्जेरावांच्या देवघरात, ताम्हणात शेजारी शेजारी पहुडल्या होत्या. त्यांची खरी जागा ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला होती, आणि तिथे दोन रिकामी भोकं होती.

याला कारण खंडेनवमी. त्या दिवशी घरातलं लोखंड पुजायचं. विळा, खुरपं, कुऱ्हाड देवापुढे मावतात, पलटी नांगर मावत नाही. म्हणून त्याच्या वतीने सर्जेरावांच्या बायको कुशाबाई दरवर्षी त्याच्या पिना मांडत. मांडलेलं लोखंड दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नियम. तो आजवर कधी आड आला नव्हता, कारण दसऱ्याला मुहूर्ताचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, ओढायची म्हणून सर्जेराव सकाळी नांगर जोडायला घेत आणि पहारी, हातोडा, शिव्या वापरून तो जोडला जाईपर्यंत संध्याकाळच होत असे.

यंदा घोटाळा केला तो मुलाने. दिग्विजय लोणी देवकरला कंपनीत होता. त्याने ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांवर कायमची बसणारी एक लोखंडी चौकट आणली. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, चौकटीचे आकडे नांगरात अडकवायचे आणि उचलायचं. आकड्यांची कुलपं आपोआप लागतात. ती धक्क्याने उघडू नयेत म्हणून डाव्या-उजव्या कुलपात त्याच दोन पिनांपैकी एकेक घालायची. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

"अगं, त्या पिना दे," दसऱ्याच्या सकाळी आठला सर्जेराव म्हणाले. "एक तास ओढून येतो."

"सांजच्याला," कुशाबाई म्हणाल्या.

"सांजच्याला सोनं वाटायचं का नांगरायचं?"

"मग उद्या नांगरा. रान कुठं पळून चाललंय?"

सोनम, म्हणजे दिग्विजयची बायको, दारातून म्हणाली, "आबा, पिना घातल्याशिवाय नांगर उचलू नका. चौकटीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

"नांगराला वाचता येतंय व्हय?"

"न्यायचाच असेल तर मी नेते हळूहळू. मला येतो चालवायला."

"बघू," सर्जेराव म्हणाले.

सोनमला ट्रॅक्टर माहेरी, भिगवणला असतानाच येत होता. तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाही सर्जेराव "बघू"च म्हणाले होते, आणि त्याला आता तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात तिने खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि उसाच्या नोंदी हातात घेतल्या. चावी मात्र सर्जेरावांच्या बंडीच्या खिशात राहिली.

डाव्या कुलपात त्यांनी स्क्रूड्रायव्हर खुपसला. दुसरा स्क्रूड्रायव्हर सापडेना, तेव्हा उजव्या कुलपात दात घासून झालेली कडुलिंबाची काडी घातली. काडी ताजी होती आणि भोकात घट्ट बसली. सर्जेरावांना ती पिनेपेक्षा बरी वाटली.

रानाकडे जायचा रस्ता आठ दिवसांपूर्वीच डांबरी झाला होता. तो सरपंच बापूसाहेबांनी स्वतःच ठेका घेऊन केला होता आणि त्यावरचा एकमेव गतिरोधक बापूसाहेबांच्याच घरासमोर होता. मागची चाकं त्यावरून उतरली, तशी काडी मोडली. उजवा आकडा सुटला, नांगर डाव्या बाजूला लटकला आणि त्याचा फाळ रस्त्यात घुसला. इंजिनाच्या आवाजात यातलं काहीच ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर ओढेनासा झाला, एवढं मात्र सर्जेरावांना जाणवलं. तेव्हा त्यांनी अनुभवी माणसाप्रमाणे खालचा गियर टाकला.

पुढचे अठ्ठावीस मीटर तास अगदी सरळ गेलं. तेवढं नंतर सगळ्यांनीच मान्य केलं.

"सर्जेराव," ओट्यावरून चहाची बशी तशीच हातात घेऊन बापूसाहेब आले. "रस्त्यात काय पेरताय?"

सर्जेरावांनी मागे वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"आठ दिसांचा रस्ता हाय. पंचनामा करणार मी," बापूसाहेब म्हणाले. "चालवत कोण हुतं, काय नाव लिवायचं?"

"बघू," सर्जेराव सवयीने म्हणाले.

बापूसाहेबांनी सर्जेरावांच्या घरी फोन केला. दहा मिनिटांत सोनम स्कूटीवर आली. मागे कुशाबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर ताम्हण होतं. पिना हलवायच्या नव्हत्या, म्हणून त्यांनी ताम्हण हलवलं होतं.

सोनम तासाच्या कडेला उकिडवी बसली. मग तिने ताम्हणातली एक पिन उचलली. कुशाबाई नेमक्या त्याच वेळी आभाळाकडे बघत होत्या. सोनमने पिन डांबराच्या कापलेल्या कडेला उभी धरली. डांबर खालच्या ठिपक्यापर्यंत आलं. त्याच्या खाली खडी नव्हती. काळी माती होती, आणि गेल्या साली तुटलेल्या उसाचं पाचट.

"दोन सेंटिमीटर," ती म्हणाली. "तिकडं रस्त्याच्या कामाच्या पाटीवर पाच लिहिलंय. बापूसाहेब, पंचनाम्यात जाडी पण लिहायची का?"

बापूसाहेबांनी बशीतला गार चहा एका दमात संपवला.

"सणासुदीचा कसला पंचनामा. पोरी, ती पिन पूस आधी," ते म्हणाले. "सर्जेराव, तास मी बुजवून घेतो. तुमी ट्रॅक्टर तेवढा हलवा. सांजच्याला सगळं गाव हितनंच सोनं लुटायला जाणार."

सर्जेरावांनी एकदा नांगराकडे, एकदा पिनेकडे पाहिलं. मग चावी काढून ते खाली उतरले आणि ती ताम्हणात टाकली. "घ्या. माझं झालं. बसा पुजत."

चावी ठण्णकन वाजली.

"लोखंडाची हाय," कुशाबाई शांतपणे म्हणाल्या. "ताम्हणात पडली. आता सांजपतुर हलायची न्हाय."

"वहिनी," बापूसाहेबांचा आवाज बारीक झाला, "काय तरी तोड काढा."

"चालवणारानं उचलली तर चालतंय."

"ह्यो नियम सकाळी कुठं हुता?" सर्जेरावांनी विचारलं आणि ताम्हणाकडे हात नेला.

"सकाळी तुमी इचारलं न्हाय." कुशाबाईंनी ताम्हण वीतभर मागे घेतलं. "आन् आत्ताच म्हनलासा, माझं झालं. आता चालवणारं कोण, ते सांगा."

सर्जेरावांचे ओठ 'ब'साठी मिटले.

"सर्जेराव," बापूसाहेब हात जोडून म्हणाले, "बघू म्हणू नका."

सर्जेरावांनी बंडीच्या रिकाम्या खिशात हात घालून पाहिला.

"सोनम," ते म्हणाले. "आजपासनं ट्रॅक्टर सोनम चालवंल."