दोसमुखान अगायची खुर्ची

झऊरेशने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिच्या अंगावर काटा आला. पेशींच्या कडेची हिरवी रेघ कालच्यासारखी आजही सुटत होती. एकेक ठिपका सैल होऊन आत आत चालला होता, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

असं व्हायला नको होतं. ती रेघ म्हणजे एक हिरवं प्रथिन, आणि त्याला चरबीची शेपटी असते. तिच्या जोरावर ते पेशीच्या पडद्याला चिकटून राहतं. पेशीतलंच एक विकर ती शेपटी कापतं, मग प्रथिन सुटून आत जातं. झऊरेशचं औषध त्या कापणाऱ्याचे हात बांधून ठेवायचं, आणि हिवाळाभर त्याने ते बांधलेही होते. उद्या शुक्रवारी राजधानीहून पाहणीला माणसं येणार होती. त्यांना रेघ जागेवर दिसली नाही, तर ही अंधारी खोली आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही दुसऱ्या विभागाकडे जाणार होते.

काचेची भांडी धुणाऱ्या बालझान अपाने दारातूनच विचारलं, "अगायसाठी शेलपेक तळलेस का गं?"

दोसमुखान अगाय हे झऊरेशचे गुरू; प्रथिनांची चरबी कापणाऱ्या त्या विकरावरच त्यांनी सारं आयुष्य घालवलं होतं. शरद ऋतूत गेले. त्यांची खुर्ची अजून सूक्ष्मदर्शकाशेजारीच होती आणि तिच्यावर कुणी बसत नसे. झऊरेशने कबूल केलं, गेलेल्यांच्या नावाने तळायच्या त्या पातळ पोळ्या तिने एकदाही तळल्या नव्हत्या.

"मग ते उपाशी आहेत," अपा म्हणाली. "तळणीच्या वासावर जगतात गं गेलेली माणसं. तू वास दिला नाहीस, ते तुझ्या पेशींतली चरबी काढून खातायत. जिवंतपणी तरी चरबी सोडायचे का?"

झऊरेश हसली खरी, पण दिवा लावूनच हसली. खुर्ची किंचित फिरल्यासारखी वाटत होती.

शुक्रवारी सकाळी अल्माटीच्या त्या संशोधन संस्थेत, विकरांवर प्रबंध लिहिलेली बाई चहाच्या शेगडीवर सात शेलपेक तळत होती. अपाने गेलेल्यांची नावं घेतली. झऊरेशने दुव्यासाठी तळहात उघडे धरले आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं. त्यातला एक शेलपेक, तेल निथळत असलेला, अपाने गाळणकागदावर ठेवून अगायच्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

वासामागोमाग शेजारच्या प्रयोगशाळेतला तालगात आला. दुसरा शेलपेक संपवता संपवता त्याने झऊरेशला सहज विचारलं, "ताई, तुमची बाटली पोचली ना? मीच ठेवली होती जागेवर."

"कसली बाटली?"

"औषधाची. तुम्ही नव्हतात म्हणून नेली. आमच्या नळ्यांत ओतून घेतलं सगळं. मग भांडं रिकामं कसं परत करायचं? आईने हेच शिकवलंय. म्हणून भरून दिली."

"कशाने भरलीस?"

"नुसत्या द्रावकाने. अगदी स्वच्छ होतं, ताई."

म्हणजे झऊरेश पेशींना औषध म्हणून नुसतं द्रावकच देत होती. मग तिने त्याला हाताला धरून त्याच्या फ्रिजपाशी नेलं आणि उरलेल्या नळ्या काढून घेऊन त्यातलं औषध पेशींना दिलं.

दुपारी पाहुण्यांनी आळीपाळीने डोळा लावला. हिरवी रेघ कडेला घट्ट बसलेली होती, हलली नाही. खोली वाचली. ते गेल्यावर झऊरेशने अपाला द्रावकाची सगळी गोष्ट सांगितली आणि ती दोघींच्या वाटचं मोकळेपणाने हसली. मग खुर्चीवरचा शेलपेक टाकायला आत गेली.

शेलपेक होता तिथेच होता. कुणी तुकडा मोडलेला नव्हता. पण हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा कोरडा, बोटाला तेल लागेना. खालचा गाळणकागद उजेडात धरून पाहिला. पांढरा स्वच्छ. एक डाग नाही.

"खाल्ला का त्यांनी?" अपाने बाहेरून विचारलं.

झऊरेशने कागद उलटून पुन्हा उजेडात धरला.

"नाही. चरबी तेवढी काढून घेतली."

अपाने भांडं विसळून पालथं घातलं. "मग तेच आहेत. जन्मभर दुसरं काय केलं त्यांनी?"