तेल बगलंस?

आमच्या मुकादमचाचांना सलाम, नमस्कार, गुड मॉर्निंग यांतलं काहीही म्हणताना मी ऐकलेलं नाही. लिफ्टचं दार उघडतं, चाचा आत येतात, चष्म्यावरून आपल्याकडे बघतात आणि विचारतात, "तेल बगलंस?"

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. मला वाटलं, कुठल्या तरी सुपरमार्केटमध्ये सूर्यफुलाच्या तेलावर ऑफर लागली आहे. मी उत्साहानं विचारलं, "कुठे?"

"बॉनेटखाली गो बाय," चाचा म्हणाले. "इंजिनाचं तेल. गाडी चालवतंस ना तू?"

चालवते, असं मी म्हटलं, पण आवाज जरा खालीच गेला. शारजाचं लायसन्स मला कितव्या टेस्टला मिळालं हे कृपा करून कोणी विचारू नये. ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवरच्या मुलीनं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, यावरून काय तो अंदाज करावा.

गाडी मात्र आमची झोकदार आहे. पांढरी, उंच, सात सीटची. घरात माणसं तीन: मी, माझा नवरा सुहास आणि लेक ओवी. एवढी मोठी गाडी कशाला, असं कोणी विचारलं की सुहास म्हणतो, "इंडियातून पाहुणे येतात ना." पाहुणे डिसेंबरात येतात आणि मॉल बघून पाय दुखले की घरी झोपून राहतात. खरं कारण असं की आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी मंडळींकडे तशीच गाडी आहे आणि शेजारी आपली लहान गाडी लावायला सुहासला लाज वाटते. तो स्वतः दुबईत अल क्वोजच्या ऑफिसला कंपनीच्या गाडीतून जातो. त्यामुळे हे पांढरं धूड ओवीच्या शाळेला, भाजीला आणि तिच्या तबल्याच्या क्लासला घेऊन फिरणं माझ्या नशिबी आलं. गाडीला पेट्रोल लागतं हे मला ठाऊक होतं. त्यापलीकडे तिच्या पोटात काय काय असतं याचा विचार मी कधी केला नव्हता; तसा तो मी माझ्या स्वतःच्या पोटाचाही करत नाही.

चाचा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे दाभोळकडचे. दुबईला देऱ्याच्या बाजारात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे त्यांचा जन्म गेला. सेठ म्हातारा झाला, चाचा म्हातारे झाले, पण दोघांनाही एकमेकांना सोडवत नाही. चाचा जवळ आले की वेलचीचा वास येतो. तेव्हा ते कोणी मेकॅनिक असतील असा गैरसमज नको. इंजिनातलं त्यांना फक्त तेल कळतं, आणि तेही किती कळतं ते पुढे येईलच. पण बिल्डिंगमधल्या प्रत्येक गाडीच्या तेलाची काळजी हा माणूस वाहतो. खिशात जुन्या लुंगीचे फाडलेले तुकडे ठेवतो. टिश्यू पेपर चालत नाही, त्याचे धागे काडीला चिकटतात म्हणे.

ही काडी चाचांनीच मला दाखवली. इंजिनात एक लांब धातूची काडी खुपसलेली असते, तिच्या टोकाला दोन खुणा असतात आणि तेल त्या दोन खुणांच्या मध्ये दिसायला हवं. एवढीच विद्या. पण माझ्यासारखी विद्यार्थिनी असली की सोपी विद्याही घाम काढते. पहिल्या दिवशी मी काच धुण्याच्या पाण्याचं झाकण उघडून "तेल अगदी स्वच्छ आहे" असं जाहीर केलं. दुसऱ्या वेळी शाळेतून आल्या आल्या तापलेल्या इंजिनाची काडी ओढायला गेले.

"आगो, धावत आलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर घेतात काय?" चाचा ओरडले. "थंड होऊंदे. तेल खाली उतरूंदे. मग बगायचं. आणि गाडी सपाट जागेवर पायजे, रॅम्पवर नाय."

ओवीनं मागच्या सीटवरून मान वर न करता शेरा मारला, "आई, इट्स जस्ट अ स्टिक."

चाचांचा एकच सिद्धान्त मला सुरुवातीपासून खटकायचा. तेल वरच्या खुणेपर्यंत आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "खूण कंपनीवाल्यानं घातलेली. कंपनीवाला कंजूस. आपण कशाला हात आखडायचा?" असं म्हणत ते आपल्या डब्यातलं आणखी थोडं ओतायचे. मी त्यांच्या घरी जेवलेली आहे, त्यामुळे मला हे कळायचं. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून कालवण वाढणारी ही माणसं. पाहुणा नको म्हणतो म्हणजे लाजतो, हे त्यांच्याकडे ठरलेलं. इंजिन तर बिचारं नकोही म्हणत नाही.

दर रविवारी संध्याकाळी चाचा आमच्याकडे येतात. त्यांचा मुलगा नदीम कॅनडात असतो. त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचं अ‍ॅप आमच्या टॅबवर आहे आणि चाचांच्या फोनला बटणं आहेत. चाची होत्या तेव्हा दोघं यायची. चाची तासभर बोलायच्या. नातवाचा दात, तिकडची थंडी, सुनेची नोकरी, गावच्या घराची कौलं, सगळं व्हायचं. चाचा बाजूला चहा पीत बसायचे. अगदी शेवटी चाची टॅब त्यांच्याकडे वळवायच्या. चाचा घसा खाकरून विचारायचे, "तेल बगलंस?"

"येस अब्बा. ऑल गुड."

"बरं. ठेव."

मग चाची गेल्या. कॉलमधला त्यांचा भाग गेला आणि चाचांचा तेवढा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून चाचा येतात, टॅबसमोर ताठ बसतात, तेल विचारतात आणि ठेव म्हणतात. सुरुवातीला बापलेकांना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून मी स्वयंपाकघरात जायचे. चहाचं पाणी उकळायच्या आत कॉल संपलेला असायचा. मला फार वाईट वाटायचं. पण निदान तेवढा प्रश्न होता आणि त्याला उत्तर होतं. त्या एका प्रश्नावर दोघांचं नातं चाललं होतं म्हणा ना.

मध्यंतरी आमच्या गाडीचं तेल बदलायची वेळ आली. चाचा बरोबर आले. गॅरेजवाल्यानं जुनं काळं तेल सोडलं, फिल्टर बदलला, नवं तेल मोजून भरलं आणि हात पुसले.

"खलास?" चाचांनी विचारलं. "इतकंच?"

"बराबर है चाचा, फुल है," तो म्हणाला.

पार्किंगमध्ये उतरल्यावर चाचांनी आपल्या गाडीच्या डिकीतून डबा काढला आणि गाडीला चांगलं आग्रहानं वाढलं. मी बघत होते. अडवायला हवं होतं, पण काय म्हणून अडवणार? काच धुण्याच्या पाण्याला तेल म्हणणारी बाई मी.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दोन दिवसांनी मला वाटलं, आपणही एकदा स्वतःहून तेल बघून चाचांची शाबासकी मिळवावी. शाळेतून आले, गाडी रॅम्पवरच उभी केली, तापलेल्या इंजिनाची काडी ओढली. म्हणजे चाचांनी जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते ते सगळं क्रमानं केलं. काडीवर तेल कुठे दिसेचना. मी घाबरून चाचांनी आमच्या घरी ठेवायला दिलेला तेलाचा डबा आणला आणि भरपूर ओतलं.

शनिवारी आम्ही समुद्रावर फिरायला खोरफक्कानला निघालो. डोंगरातला रस्ता सुरू झाला आणि मागून पांढरट निळा धूर यायला लागला. मागचा गाडीवाला दिवे मारून मारून थकला. ओवीनं कानातले इअरफोन काढून विचारलं, "आई, आर वी ऑन फायर?"

सुहासनं गाडी बाजूला घेतली आणि जगातले सगळे नवरे जे विचारतात ते विचारलं, "तू काय केलंस?"

गाडी ओढून गॅरेजला नेली. "मॅडम, किसीने तेल बहुत ज्यादा डाल दिया," गॅरेजवाला म्हणाला. मी म्हटलं, "मैंने डाला." सुहासनं हताशपणे आकाशाकडे पाहिलं. चाचांचं नाव मी घेतलं नाही. चाचांना आम्ही सांगितलं की बेल्ट गेला होता. कुठला बेल्ट ते त्यांनी विचारलं नाही, हे माझं नशीब, कारण मला सीट बेल्टखेरीज दुसरा माहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. नदीमनं कॉल लागताच कॅमेरा फिरवला. दारात नवी कोरी निळी गाडी उभी होती. चाचांचा चेहरा फुलला. त्यांनी घसा खाकरला. "मस्त आहे. तेल बगलंस?"

नदीम हसला. "अब्बा, हिला तेल नसतं. इलेक्ट्रिक आहे. नो ऑइल अ‍ॅट ऑल."

"नसतं म्हणजे? थोडं तरी असेल."

"झिरो, अब्बा. इंजिनच नाही."

चाचा त्या गाडीकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. "ठेव."

त्या आठवड्यात चाचा लिफ्टमध्ये आले, मजल्याचं बटण दाबलं आणि आकड्यांकडे बघत उभे राहिले. मलाच नाही, तर कोणालाच काही विचारत नव्हते. वॉचमन मला म्हणाला, "चाचा की तबीयत ठीक नहीं क्या?" एके संध्याकाळी ते पार्किंगमध्ये भेटले. म्हणाले, "बाय, ज्या गाडीत तेलच नाय, तिच्याबद्दल काय विचारतात गो?"

ज्या बाईला तेलाच्या गाडीतलं काही कळत नाही तिला हा माणूस बिनतेलाच्या गाडीतलं विचारत होता. पण मी हार मानली नाही. इंटरनेटवर बसून इलेक्ट्रिक गाड्यांचा अभ्यास केला. रविवारी चाचा आले तेव्हा त्यांना दारातच पढवलं, "चार्जिंग किती आहे, असं विचारा."

"ते तर मोबाइलाचंपण विचारतात," चाचा कुरकुरले. पण कॉल लागल्यावर त्यांनी विचारलं, "चार्जिंग किती आहे?"

"एटी परसेंट, अब्बा."

"बरं."

नदीम तिकडून बघत होता, चाचा इकडून बघत होते. आता 'ठेव' येणार हे मला दिसत होतं. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी मागून टॅबसमोर डोकं घातलं आणि तोंडाला येईल ते बोलले, "नदीम, आमच्या गाडीत तेल जास्त झालं आणि खोरफक्कानच्या रस्त्यात असला धूर निघाला म्हणून सांगू!"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते.

नदीम पुढे वाकला. "अब्बांनी वरून घातलं ना? ओ माय गॉड. माझ्या गाडीत पण घालायचे! शारजात कॉलेजला होतो तेव्हा. मी आणि अम्मी गपचूप गॅरेजला जाऊन काढून आणायचो. एव्हरी टाइम!"

"काढून आणायचात?" चाचा म्हणाले.

"आणि तुम्ही परत घालायचे!"

चाचांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बेल्ट गेला होता ना?"

मी सोफ्यावरची उशी सरळ करायला घेतली. ती सरळच होती.

"अम्मी म्हणायची, त्यांना सांगू नको," नदीम म्हणाला. त्याचं हसू हळूहळू कमी झालं. "म्हणायची, एवढ्या मायेनं घालतात, घालू दे."

चाचांनी चष्मा काढला. खिशातून लुंगीचा तुकडा काढून डोळे पुसले. "मला कदी बोलली नाय ती," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ते उठतील. नदीमलाही तसंच वाटलं असावं. तो घाईघाईनं म्हणाला, "अब्बा." एरवी इंग्रजी बोलणारा तो मुलगा शब्द शोधत मराठीत म्हणाला, "तुमच्या गाडीचं... तेल बगलंत?"

सकाळीच मी बाल्कनीतून चाचांना पाहिलं होतं. बॉनेटखाली डोकं घालून, काडी उजेडात धरून उभे होते.

"नाय," चाचा म्हणाले. "राहूनच गेलं बग. कसं बगतात रे?"

नदीमनं फोन कुठेतरी टेकवून ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसला. "ओके. फर्स्ट, इंजिन थंड पायजे."

"थंड. बरं."

"मग बॉनेट उघडायचं. आत एक काडी असते, पिवळ्या मुठीची. ती ओढायची, पुसायची..."

"थांब, थांब," चाचा म्हणाले आणि टॅबच्या आणखी जवळ सरकले. "हळू सांग. मला काय घाई नाय."